टिकलीच्या कागदावरचं ‘निल’

भिलाईत जनावरांची इमर्जन्सी दुपारी अडीच वाजता सुरू होते. कुत्रं सकाळी सातला ओकलेलं असतं, आठला लटपटत असतं, दहाला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेलं असतं. पण घरचा कर्ता सकाळच्या ए शिफ्टला पोलादाच्या प्लांटमध्ये असतो आणि त्याची ड्युटी दोनला सुटते. तो घरी येतो, हेल्मेट खुंटीला लावतो, कुत्र्याकडे पाहतो आणि सकाळपासून निवांत चाललेली गोष्ट एकाएकी तातडीची होते. अडीच वाजता दवाखान्याच्या दारात स्कूटरींची रांग लागते. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलातून बाहेर आलेलं एक तोंड, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच : "पयले आमचं पाहा जी डॉक्टरसाहेब, आमचं अर्जंट हाय."

सगळ्यांचंच अर्जंट असतं. मी या रांगेच्या टोकाला सहा वर्षं बसलो. त्याआधी सरकारी नोकरीत बहुतेक गाई-म्हशीच पाहिल्या, कुत्रीमांजरं क्वचित. गाईचा मालक डॉक्टरला घाबरत नाही, उलट डॉक्टरने त्याला घाबरावं अशी त्याची अपेक्षा असते. काय झालं, केव्हा झालं, शेजाऱ्याने कोणता पाला खाऊ घातला, हे तो न विचारता सांगतो. कुत्र्यामांजरांच्या मालकांचं तसं नाही. ते पोटच्या लेकरासारखं प्राण्याला आणतात आणि गुन्हेगारासारखे माझ्यासमोर बसतात. हा फरक मला पुरता कळला तो उशिरा. ज्यांच्यामुळे कळला त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

निवृत्तीनंतर हुडकोकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवं पेट हॉस्पिटल निघालं आणि मला तिथे ‘सीनिअर कन्सल्टंट’ म्हणून बसवलं. उद्घाटनाला एक नेताजी आले होते. त्यांच्या हस्ते फीत कापायची आणि मग एका लॅब्राडॉरच्या गळ्यात हार घालायचा, असा कार्यक्रम होता. लॅब्राडॉरने हारातला झेंडू खाल्ला. नेताजींनी प्राणिमात्रांवरच्या दयेविषयी बरंच सांगितलं, तेवढ्या वेळात कुत्र्याने बाकीचा हारही संपवला. त्या हॉस्पिटलचा पहिला इमर्जन्सी पेशंट तोच. हारातला दोरा बाहेर येईपर्यंत दोन दिवस आम्ही वाट पाहिली.

दारावर रात्रीही वाचता येईल असा दिव्यांचा बोर्ड होता. चोवीस तास सेवा, आयसीयू, ऑक्सिजन, डिजिटल एक्स-रे. यातला ऑक्सिजन होता. एक्स-रेचं मशीन वर्षभर प्लॅस्टिकच्या कव्हरात राहिलं, कारण चालवणारा मिळत नव्हता. चोवीस तासांचं म्हणाल तर टेलिफोन चोवीस तास वाजत असे, एवढं मी खात्रीने सांगतो. जनावरांच्या दवाखान्यांविषयी लोकांच्या ज्या तक्रारी असतात, म्हणजे फोन उचलला नाही, डॉक्टर सर्जरीत आहेत म्हणून तासभर बसवलं आणि शेवटी रायपूरला न्या म्हणाले, त्यातल्या बहुतेक खऱ्या असतात. मी टेबलाच्या अलीकडे बसत होतो म्हणून त्या खोट्या होत नाहीत.

आता या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवी. आमचा पेशंट बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पेशंटच्या वतीने बोलणारा माणूस खोटं बोलतो, हे कॉलेजातही कोणी शिकवत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याने घरी काहीतरी केलेलं असतं आणि त्याचीच त्याला भीती वाटत असते.

आणि इथल्या घरांत काय केलेलं असतं, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. प्रत्येक प्लांटवाल्याच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात बिस्किटं नसतात. प्लांटच्या दवाखान्यातून मेडिकल बुकावर मिळालेल्या आणि उरलेल्या गोळ्या असतात : तापाच्या, पित्ताच्या, गुडघ्याच्या. आमच्या बाबांचाही डबा होता. भंडाऱ्याहून येताना त्यांनी एक सतरंजी आणि एक कंदील आणला होता, तो डबा मात्र इथली कमाई. फुकट मिळालेलं औषध टाकून देणं आमच्या लोकांना अन्न टाकण्यासारखं वाटतं. मग घरातलं कोणीही कण्हलं की डबा उघडतो, आणि कुत्रं घरातलंच असतं.

म्हणून सरकारी नोकरीत असतानाच मी एक सवय लावून घेतली होती. घरी काय औषध दिलं, असं मी कधी विचारत नसे. त्याचं उत्तर ठरलेलं : "कायच नाही देलं जी." मी जनावराच्या पोटावर हात ठेवून, मालकाकडे न पाहता, सहज विचारायचो, "किती दिल्या?" माणूस बेसावध असतो. तो म्हणतो, "दोनच." पुढचं सगळं सोपं होतं.

त्या काळात वैशाली नगरच्या एका निवृत्त मास्तरांचं मांजर असंच आलं होतं. हिरड्या निळ्या पडलेल्या, श्वास लागलेला. मी विचारलं, "किती दिल्या?" मास्तर म्हणाले, "अर्धी. पण मी मधात घोळून देली." तापावरची माणसाची साधी गोळी मांजराला विषासारखी असते, मध लावला तरी. अर्धी कळली म्हणून त्यावरचा उतारा तातडीने देता आला आणि ते मांजर जगलं. मास्तर जाताना मला म्हणाले, "मी मुलांना आयुष्यभर खरं बोला म्हणून शिकवलं, आज कामी आलं." ते खरं कसं बोलले, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नव्या हॉस्पिटलात ही सवय सुटली. सुटली कसली, मी सोडली. तिथे फॉर्म होता. गुळगुळीत कागदाचा, इंग्रजी, वर कुत्र्यामांजराचं चित्र. काउंटरवरची मुलगी तो भरून घ्यायची. त्यात एक चौकट होती : यापूर्वी दिलेली औषधं. खाली मालकाची सही. आमच्या तरुण डायरेक्टरसाहेबांनी मला समजावलं होतं, "सर, हिस्ट्री फॉर्म में आ जाती है. आपका टाइम बचेगा." वेळ वाचतो, असं कोणी म्हटलं की तो कुणाच्या खात्यातून जाणार आहे हे विचारावं. मी विचारलं नाही. रांग मोठी असायची आणि माझेही गुडघे दुखायला लागले होते.

त्या दिवशी अडीचच्या रांगेत सुखदेव कापगते आले. प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर, मूळचे साकोलीकडचे, घर खुर्सीपारला. नाव मी बदललं आहे. कुत्रीचं नाव बदललेलं नाही, तो त्यांचा आग्रह. टिकली म्हणजे दहा किलोची पांढरी, पॉमेरेनियनकडे झुकणारी कुत्री, कपाळावर बरोबर मध्ये एक तपकिरी ठिपका. मुलगी पल्लवी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा ती आईजवळ ठेवून गेली होती. कापगतेबाई, म्हणजे कुसुमबाई, तिला पोटाशी धरून उभ्या होत्या.

"तीन दिवसांपासून लंगडून राहिली जी," त्या म्हणाल्या. "गच्चीच्या पायरीवरून पडली होती. आज जेवली नाही, मलूल हाय."

कापगते बाजूला ताठ उभे होते. त्यांची ख्याती मी ऐकून होतो. रिलीव्हर आला नाही तर हा माणूस क्रेनवरून उतरत नाही, दुसरी शिफ्ट तशीच काढतो. नियमाचा माणूस. निवृत्तीला सहा महिने उरले होते. मी फॉर्म पाहिला. औषधांच्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या हाताने, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : निल, म्हणजे काही नाही. खाली सही होती आणि सहीखाली, कोणी मागितला नसताना, प्लांटमधला पर्सनल नंबर.

तो नंबर पाहून मी थबकायला हवं होतं. प्लांटचा माणूस ज्या कागदावर पर्सनल नंबर टाकतो, तो त्याच्यासाठी सरकारी कागद होतो. त्यावर एकदा लिहिलं ते लिहिलं. नंतर तो तोंडी बदलत नाही, कारण तोंडी बदलणाऱ्याला तिथे चार्जशीट मिळते.

मी थबकलो नाही. ताप थोडा होता, पाय सुजलेला होता, कानामागे गोचीड सापडली. आमच्याकडे गोचीडताप घरोघरी. मी त्याची गोळी लिहून दिली आणि ताप व दुखण्यासाठी सूज उतरवणारं एक इंजेक्शन दिलं. साधं, रोजचं इंजेक्शन. आधी काही औषध दिलेलं नसेल तर द्यायला काही हरकत नसलेलं.

दुसऱ्या दिवशी टिकलीला रक्ताच्या उलट्या झाल्या.

त्या सकाळी साडेसातला कुसुमबाईंनी हॉस्पिटलला फोन केला. कापगते ड्युटीवर. फोन वाजत राहिला. आठला कोणीतरी उचलला आणि डॉक्टर दहाला येतील म्हणून सांगितलं. नऊला त्या रिक्षा करून टिकलीला घेऊन आल्या. तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, पहले नया फॉर्म भरना पड़ेगा." बाईंनी तो हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. बोर्डावरचे चोवीस तास दाराच्या वर दिवसाउजेडीही जळत होते.

मी आलो तेव्हा टिकलीच्या हिरड्या कागदासारख्या झाल्या होत्या आणि शी डांबरासारखी काळी. सलाइन लावलं, पोटाची औषधं सुरू केली. मनात गोचीडतापच होता, त्यातही रक्त जातं. दोनदा कुसुमबाईंना विचारलं, "घरी काही खाल्लं का हिने?" त्या म्हणाल्या, "नाही." बरोबरच बोलल्या. तिने खाल्लं नव्हतं, तिला दिलं होतं. चुकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं की माणूस निश्चिंत होतो. मीही झालो.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाई एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी. मी टिकलीजवळ होतो. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. झाकणावर गोऱ्या बाळाचं चित्र, ते अर्धं गंजलेलं.

"यायले नका सांगू," त्या म्हणाल्या. "यायले" म्हणजे कापगत्यांना. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि तरी कधी गोंधळ होत नाही.

डब्यात गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकीतल्या सहा गोळ्या गेलेल्या.

"किती दिल्या?" मी विचारलं. दोन दिवस उशिरा.

"सकाळी एक, सांजी एक. तीन दिवस. भाकरीत घालून. यायच्याच हातानं देल्या. ते म्हणत होते, मले बरं वाटते त इले कावून नाही वाटणार?"

"फॉर्मवर का नाही लिहिलं?"

"बुकावरची औषध हाय ना साहेब. बुकाच्या मागं लिहून हाय, कर्मचारी अन त्याच्या घरचे सोडून कोणाले देऊ नये. सहा महिने राह्यले रिटायरमेंटले. ते म्हणे, कागद कुठं जाईल सांगता येते का? प्लांटातून एखादा आला अन पाह्यला तं?"

मला हसू यायला हवं होतं. कुत्रीच्या कागदावरून कोणी क्रेन ऑपरेटरची पेन्शन अडवत नाही. पण तीस-पस्तीस वर्षं ज्याने प्रत्येक बोर्ड वाचला आणि प्रत्येक बोर्ड पाळला, त्याला हे कोण सांगणार? त्याने नियम एकदाच मोडला, तोही कुत्रीच्या दुखऱ्या पायासाठी, आणि मग तो नियमाने लपवला.

हिशोब साधा होता. माणसाची ती गोळी कुत्र्याच्या पोटाला भोकं पाडते आणि मूत्रपिंडं बंद करते. सहा गोळ्या त्यांनी दिल्या. त्यावर मी जे रोजचं इंजेक्शन दिलं, ते त्याच जातीचं औषध होतं. आम्ही दोघांनी मिळून तिला सात वेळा दिलं. डबा पहिल्या दिवशी टेबलावर आला असता, तर इंजेक्शन तरी गेलं नसतं आणि दोन दिवस हाती असते.

मी उपचार बदलले. टिकली आणखी चार दिवस राहिली. लघवी थांबली तेव्हा मी बाईंना खरं काय ते सांगितलं. कापगते दुपारची बी शिफ्ट टाकून आले, म्हणजे त्यांनी सुट्टी घेतली, जी ते घेत नसत. टिकलीने त्यांचा वास ओळखून शेपटी एकदा हलवली. ते तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर अंगठा ठेवून बसले. संध्याकाळी पाचला संपलं.

मग ते उठले, काउंटरवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले असतील असं बोलले.

"चोवीस तास लिहून ठेवलं! माही बायको फोन लावून लावून थकली! आईसियू म्हणे, कुठं हाय तुमचा आईसियू? जिवंत आणली होती मी इले. लंगडत का होईना, चालत होती. तुमी मारलं!"

रांगेतले लोक ऐकत होते. कुसुमबाई खाली पाहत होत्या. मी आतल्या दारात उभा होतो. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं, हा त्या प्रसंगातला सर्वांत अवघड भाग. आणि ते माझ्याकडे एकदाही पाहत नव्हते. स्वतःवर ओरडता येत नसलं की माणसाला एखादा काउंटर लागतो.

आठवड्याने पल्लवीने पुण्याहून इंटरनेटवर आमच्याविषयी लिहिलं. एक तारा दिला. डायरेक्टरसाहेब फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. फार आनंदात होते. "सर, निल लिखा है, साइन भी है, नंबर तक डाला है! अपन सेफ हैं. आप बस दो लाइन का जवाब बना दीजिए."

त्यांना डब्याविषयी माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर दोन ओळींत हॉस्पिटलची इभ्रत वाचली असती, कापगत्यांना खुर्सीपारात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि माझ्या इंजेक्शनकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं. मोह झाला नाही असं लिहिलं तर ते उद्घाटनाच्या भाषणासारखं होईल. झाला. पण बाईंनी डबा माझ्यावर विश्वासून ठेवला होता. मी दोन ओळी लिहिल्या : फोन वेळेवर उचलला गेला नाही. आजाराची पूर्वपीठिका डॉक्टरांनी नीट विचारली नाही. डायरेक्टरसाहेबांनी वाचून कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या तक्रारीला उत्तर गेलंच नाही. पुढे मी ते काम सोडलं. तत्त्वासाठी सोडलं असं सांगायला आवडलं असतं, पण गुडघ्यांसाठी सोडलं.

आता मी घरच्याच ओसरीवर सकाळी दोन तास बसतो. एक टेबल, एक वजनकाटा, फॉर्म नाही. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कापगते आले. निवृत्त झाले होते, अंगात स्वेटर, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सपाट वस्तू. बरोबर जनावर नव्हतं. बसले. मी चहा मागवला. चहा संपेपर्यंत थंडीविषयी बोललो.

मग ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक विचारतो. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याले चालते का?"

"नाही, कापगतेजी."

"एकबी?"

"एकही नाही."

"अर्धी?"

"अर्धीही नाही." मग जे आत्तापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. "त्या दिवशी टिकलीला मी इंजेक्शन दिलं होतं, तेही त्याच जातीचं होतं."

त्यांनी रिकामा कप टेबलावर बाजूला सरकवला. मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं होतं. कोणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

"तुमाले माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मी विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं होतं ना. कागदावर."

"तेच तर."

त्यांनी मान हलवली. "तुमच्या त्या दवाखान्यावर एवढा मोठा बोर्ड होता. लायटिंगचा. त्यावर हे एवढंच लिहिलं असतं तं? आमच्या इकडे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी त्या जागी बोर्ड लागते. माणूस गेला तं गेला, पण बोर्ड लागते. मी पस्तीस वर्षं बोर्ड पाहून काम केलं साहेब. लिहून असतं तं मी देलीच नसती."

देलीच नसती. एवढाच कबुलीजबाब. मी तो ऐकला नाही असं दाखवलं आणि त्यांनी मी ऐकला नाही असं मानलं.

मग त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत पत्र्याचा बोर्ड होता, पिवळ्यावर काळी अक्षरं, कडेने तिरपे पट्टे, प्लांटमधल्या सेफ्टी बोर्डासारखा अगदी. चारी कोपऱ्यांना भोकंही पाडून आणली होती. वर मराठीत आणि खाली हिंदीत लिहिलं होतं : ‘माणसाची गोळी जनावराला देऊ नये. दिली असल्यास सांगावे. नाव कळविले जाणार नाही.’

"शेवटची लाइन कुसुमनं सांगतली," ते म्हणाले. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

खिळे त्यांनी खिशातून आणले होते. हातोडी माझी. टेबलासमोरच्या भिंतीवर, खुर्चीत बसणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर, त्यांनी बोर्ड मोजून ठोकला.

हे लिहून झाल्यावर मी त्यांना वाचायला दिलं. छापायला त्यांची हरकत नाही. एकच दुरुस्ती सुचवली : टिकली पॉमेरेनियनकडे झुकणारी नव्हती, पॉमेरेनियनच होती. मी ती दुरुस्ती केलेली नाही, इथे नोंदवतो आहे.

बोर्ड लोक वाचतात. शाळेतल्या पोरांसारखे मोठ्याने, अक्षर लावून वाचतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "आमी तं कायच नाही देलं जी." मी जनावराच्या पोटावर हात ठेवतो, दुसरीकडे पाहतो आणि विचारतो, "किती?"

आणि ते बोटं दाखवतात.